हिची मान वर होत नाही

(आमच्या गटाच्या वार्षिक मेळाव्यात 'बाईचा फावला वेळ' या विषयावरच्या सत्रात झालेलं हे भाषण. बोलताना वक्त्या मधूनमधून टेबलावरच्या वस्तू उचलून दाखवत होत्या, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.)



माझ्या आधीच्या दोघींनी भजनी मंडळ आणि पोहणं असे भारदस्त विषय मांडले. त्यानंतर मी पिशवीतून हे सगळं काढून टेबलावर मांडायला लागले, तेव्हा तुमच्यात खसखस पिकली. पिकू दे, मला त्याची सवय आहे. माझं वय ६१. ही सहा इंची बाई म्हणजे वंडर वुमन. ही हेल्मेट घातलेली सॅमस, एका जपानी व्हिडिओ गेममधली. ही चुन-ली, तीही गेममधलीच, लाथा मारण्यात पटाईत. आणि हा एका पायाचा सैनिक माझ्या मुलाचा. घरी अशा १४० आहेत. मी त्या जमवते आणि त्यांचे फोटो काढते. इंग्रजीत यांना 'ॲक्शन फिगर' म्हणतात. बाहुली म्हणायचं नाही, याला कारण आहे. ते पुढे सांगते.

सुरुवात मात्र किल्ल्यापासून करायला हवी. आमच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा. दगड, माती, पोती ही कामं मुलग्यांची. आम्ही मुलींनी अंगणात रांगोळी काढायची. किल्ल्यावर मला एकच काम मिळायचं, अळीव पेरायचं. चार दिवसांत किल्ला हिरवागार व्हायचा आणि ते श्रेय भाऊ घ्यायचा. किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्यांना आम्ही 'चित्रं' म्हणायचो. सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, गुहेत वाघ. बायकांचीही चित्रं असायची हो! डोक्यावर घागर घेतलेली, जात्यावर बसलेली, भाजीवाली. त्यांची जागा पायथ्याच्या गावात. एका वर्षी मी जात्यावरची बाई उचलून बुरुजावर ठेवली. भावाने खाली आणली. मी परत वर ठेवली. तिसऱ्यांदा ती फुटली आणि मार मला बसला.

नंतर मी ते सगळं विसरले. लग्न, नोकरी, मूल. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना आपल्याकडे जी. आय. जो नावाचे पावणेचार इंची सैनिक मिळायला लागले होते. एमआरएफ आणि अमेरिकेतल्या हॅस्ब्रो यांनी मिळून १९८७ मध्ये फनस्कूल कंपनी काढली, ती ते इथे बनवायची. साचे अमेरिकेतले, रंग मात्र पुष्कळदा वेगळेच. आज परदेशातले संग्राहक याच विचित्र रंगांसाठी आपले भारतीय सैनिक शोधत असतात. आमच्या घरी त्यांची एवढी पडझड व्हायची की विचारू नका. पाठीत एक स्क्रू असतो. तो काढला की आत एक काळं रबरी कडं दिसतं, वरचं धड आणि खालचे पाय त्या एका कड्यावर तोललेले. ते तुटलं की सैनिकाचे दोन तुकडे. नळाच्या सामानाच्या दुकानात तशाच मापाची ओ-रिंग मिळते, हा शोध माझा मीच लावला. रात्री भांडी आवरली की मी ओट्यावर ऑपरेशनं करायची. मुलगा मित्रांना सांगायचा, 'आमची आई सैनिकांची डॉक्टर आहे.' तेव्हा मी स्वतःला समजावत होते, हे मुलासाठी. खरं सांगू? मुलगा झोपल्यावरही माझं चालूच असायचं.

अमेरिकेत १९८२ साली ही मालिका निघाली तेव्हा पहिल्या तुकडीत बाई एकच होती, स्कार्लेट. आमच्या डब्यात तीही नव्हती.

मुलगा मोठा झाला, डबा माळ्यावर गेला. २०१७ मध्ये पॅटी जेन्किन्स या दिग्दर्शिकेचा 'वंडर वुमन' सिनेमा आला. तो बघून मी परस्पर खेळण्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, 'मुलगा केवढा आहे?' म्हटलं, 'एकतीस वर्षांचा.' 'मग नातवासाठी?' 'नाही, माझ्यासाठी.' तो जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, 'गिफ्ट पॅक करू का?'

घरी आल्यावर यांनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. हसू नका, साडीची किंमत निम्मी सांगितली नाही अशी इथे कोण आहे? पण माझ्या मनाला ते लागलं. पगार माझा. तीस वर्षं तो घरात ओतला, हप्ते भरले, नणंदेच्या लग्नाला दिला, मुलाच्या फीला दिला. त्या पगारातून घेतलेली ही पहिली वस्तू, जी दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाची नव्हती, आणि तिच्यासाठी मी खोटं बोलले. पुढे दोन वर्षं बोलत राहिले. यांच्या ट्रेकिंगच्या बुटांची किंमत यांनी कधी निम्मी सांगितल्याचं मला आठवत नाही. शेवटी एक पावती सापडली आणि व्हायचं ते भांडण झालं. 'या वयात प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर एवढा खर्च? लोक काय म्हणतील?' चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी मी घरखर्चाच्या वहीत 'बाहुल्या' असं नवीन खातं उघडलं, मागचा सगळा हिशोब खऱ्या किमतींनी लिहिला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच वहीत 'ट्रेकिंग' असं खातं निघालं, त्यांच्या अक्षरात. बेरीज कुणाची जास्त झाली ते मी इथे सांगत नाही.

तेव्हापासून मी नवीन फारसं घेत नाही. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७० टक्के. मी जुन्या आणि मोडक्याच घेते. डॉक्टरकी येते ना.

आता फोटो. नुसतं कपाटात मांडून ठेवण्यात मला रस नाही. खेळणं काचेमागे गेलं की त्याचं शोपीस होतं. पण आरसा, कंगवा, बाहुली मांडून खेळायचं वय गेलं, तेव्हा खेळायला निमित्त म्हणून कॅमेरा बरा. आधी फोनवर काढायची, मग भाच्याचा जुना कॅमेरा घेतला. पहिला धडा असा की कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर हवा. वरून काढलात तर खेळणं दिसतं, समोरून काढलात तर माणूस दिसतं. त्यासाठी मी सकाळी सातच्या उन्हात गॅलरीत पालथी पडते आणि समोरच्या इमारतीतल्या काकू रोज बघतात. दुसरा धडा प्रकाशाचा. भिंग इतकं जवळ नेलं की नाकाचा शेंडा स्पष्ट येतो आणि कान धूसर होतात, मग ते लगेच खेळणं वाटतं. म्हणून भिंगाचं छिद्र बारीक ठेवायचं, प्रकाश भरपूर घ्यायचा आणि कॅमेरा तिपाईवर ठेवून श्वास रोखायचा. बाकी सामान आपल्या स्वयंपाकघरात आहेच. रव्याचं वाळवंट, रांगोळीचा बर्फ, कढीपत्त्याच्या कुंडीत घनदाट जंगल, उदबत्तीचा धूर म्हणजे युद्धभूमी. टॉर्चपुढे झारा धरला की मोडक्या छपरातून येणारा उजेड तयार. चाळीस वर्षं त्या झाऱ्याने बुंदी पाडली, त्याचा हा उपयोग मला दिसला नव्हता.

आणि इथेच माझ्या लक्षात एक गोष्ट आली. माझ्या म्हणजे, खरं तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीच्या. ती तेव्हा नववीत होती, सुट्टीत आईबरोबर यायची. मी तिच्या हातात कॅमेरा दिला. तिला उडणाऱ्या बाईचा फोटो हवा होता. मी तारेने कॅप्टन मार्व्हलला लटकवलं. मुलगी बराच वेळ खटपट करत होती. मग म्हणाली, 'मावशी, हिची मान वर होत नाही.'

खरंच होत नव्हती. हवेत उडणाऱ्या माणसाचं अंग आडवं असतं, समोर बघायला मान मागे झुकायला लागते. आमच्या सुपरमॅनची झुकते. हिची नाही, कारण हिचे लांबसडक केस कडक प्लॅस्टिकचे आणि ते पाठीला टेकलेले. आकाशात उडते पण बघते जमिनीकडे! मग आम्ही दोघींनी कपाटातल्या सगळ्याच बाहेर काढून एकेक तपासायला घेतल्या. जुन्या फिगर घ्या. पुरुषांच्या कोपराला दोन सांधे, हात दुमडून खांद्याला लागतो. बायकांचा दंड बारीक दिसायला हवा म्हणून एकच सांधा, हात काटकोनात अडकतो. तिला स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसता येत नाही. पुरुषांचं पोट वाकतं, बऱ्याच बायकांचं नाही. पावलं इवलीशी, टाचा उंच, मागे केसांचं ओझं. पुरुष आपला टेबलावर उभा राहतो. बाई पडते. तिला उभं करायला मी चिकटमाती लावते, तार लावते, मागे काडेपेटीचा टेकू देते आणि मग फोटोत तो टेकू दिसू नये म्हणून आणखी खटपट करते. जगाला वाचवणारी बाई, पण टेकूशिवाय दोन मिनिटं उभी राहत नाही. हे कुणी मुद्दाम, वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. कुठल्याशा टेबलावर ठरलं की हिने दिसायचं आहे आणि त्याने करायचं आहे. अलीकडच्या काही फिगरना दुहेरी कोपर यायला लागलं आहे, तेही नमूद करते.

मुलीने विचारलं, 'मग केस कापू या?' आम्ही कापले नाहीत. उकळतं पाणी भांड्यात घेतलं, तिचं डोकं मिनिटभर बुडवलं, मऊ झालेले केस बाजूला वळवले आणि लगेच गार पाण्यात धरले. मान बोटभर वर झाली. तो फोटो या टेबलावर डावीकडे आहे. मुलीने काढलेला आहे, माझा नाही.

आता 'बाहुली म्हणायचं नाही' त्याचं कारण. १९६४ मध्ये हॅस्ब्रोने अमेरिकेत पहिला जी. आय. जो काढला, तो जवळजवळ फूटभर उंच आणि कपडे बदलता येणारा. बार्बी १९५९ ची, तिचंच हे मुलग्यांसाठीचं रूप. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि बाप ती घेऊन देणार नाहीत अशी धास्ती, म्हणून 'ॲक्शन फिगर' हा शब्द रूढ केला. विक्रेत्यांना बजावलं, बाहुली हा शब्द काढायचा नाही. या धंद्याचा जन्मच 'बायकी' या शब्दाच्या भीतीतून झाला आहे बघा. १९६७ मध्ये त्यात एक नर्स आणली. मुलग्यांना ती नको होती आणि मुली त्या दालनाकडे फिरकत नव्हत्या. खपली नाही, बंद केली. आज ती दुर्मीळ म्हणून संग्राहक तिच्यासाठी भरमसाट पैसे मोजतात.

बायकांच्या फिगर खपत नाहीत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! दुकानात जो खोका येतो त्यात एकेका पात्राची संख्या कारखान्यातच ठरते. बाईची अनेकदा एकच. ती पहिल्या दिवशी जाते, पुरुष महिनोन् महिने लटकत राहतात, आणि निष्कर्ष असा की पुरुषच दुकानात दिसतात, म्हणजे तेच चालतात. २०१५ च्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये ब्लॅक विडो विमानातून मोटारसायकलसह खाली झेपावते. त्या प्रसंगाचं खेळणं आलं तेव्हा मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिका बसला होता. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ची नायिका रे हिच्याशिवायच मोनोपॉलीचा संच बाजारात आला. एका आठ वर्षांच्या मुलीने कंपनीला पत्र लिहून जाब विचारला, पोरींनी आणि आयांनी गदारोळ केला, तेव्हा पुढच्या जानेवारीत कंपनीने ती घालायचं कबूल केलं. आणि 'आयर्न मॅन ३' चा दिग्दर्शक शेन ब्लॅक याने २०१६ मध्ये सांगून टाकलं की त्या सिनेमात खलनायक बाई असणार होती. बाईचं खेळणं कमी खपेल म्हणून पटकथा बदलायला लावली. म्हणजे खेळण्यासाठी गोष्ट बदलली. खलनायिका व्हायचीसुद्धा सोय नाही.

या सॅमसचं तर वेगळंच. १९८६ च्या 'मेट्रॉइड' या गेममध्ये आख्खा खेळ तुम्ही चिलखत घातलेल्या वीराला खेळवता. माहितीपुस्तिकेत त्याचा उल्लेख 'तो' असाच. शेवटी हेल्मेट निघतं आणि कळतं, ही बाई आहे. मला हे कळलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. मग भाच्याने पुढचं सांगितलं. खेळ जितक्या कमी वेळात संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी होतात. बक्षीस म्हणून! टाळ्या तिथेच थांबल्या. तरी सॅमस माझी लाडकी आहे. चिलखतामुळे ती टेकूशिवाय उभी राहते.

गटातल्या एका जुन्या मैत्रिणीने मला मागे धारेवर धरलं होतं. आज ती इथे बसलेली आहे, म्हणून तिच्या समक्षच सांगते. ती म्हणाली, 'तू पोरांच्या हातात बंदूकवाले सैनिक दिलेस, आता अर्ध्या उघड्या बायका जमवतेस, आणि हे सगळं बनवतं कोण ते तुला ठाऊक आहे का?' पहिल्या दोन गोष्टींवर मी भांडले. वंडर वुमनवरून तर चळवळीतच भांडणं झालेली आहेत. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या 'मिस' मासिकाच्या पहिल्या नियमित अंकाच्या मुखपृष्ठावर ती होती, आणि २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तिला मुलींच्या सबलीकरणाची मानद दूत केलं तेव्हा तिथल्याच कर्मचाऱ्यांनी, असल्या कपड्यांतली पात्रं आमची दूत नकोत, म्हणून निषेध केला. दोन महिन्यांत तो मान गेला. मला दोन्ही बाजू पटतात. तिसऱ्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने मला वाचायला दिलं.

१० मे १९९३. थायलंडमध्ये बँकॉकजवळ नाखोन पाथोम इथे केडर नावाचा खेळण्यांचा कारखाना. परदेशी कंपन्यांसाठी बाहुल्या आणि खेळणी बनायची. आग लागली, बाहेर पडायचे दरवाजे बंद, पोलादी सांगाड्याच्या इमारती बघता बघता कोसळल्या. १८८ माणसं मेली, बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. पुष्कळजणींनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात चीनमध्ये शेनझेनच्या खेळण्यांच्या कारखान्यात आग, खिडक्यांना गज, ऐंशीहून अधिक मृत्यू, त्याही जवळजवळ सगळ्या मुलीच. १९९३ मध्ये माझा मुलगा सात वर्षांचा होता. मी ओट्यावर सैनिक दुरुस्त करत होते.

हेही सांगायला हवं की त्याच १९९३ मध्ये अमेरिकेत काही कार्यकर्त्यांनी दुकानातून बोलकी बार्बी आणि बोलका जी. आय. जो विकत घेतले, त्यांचे आवाजाचे डबे अदलाबदल केले आणि गुपचूप पुन्हा फळीवर नेऊन ठेवले. असे शेकडो. आदल्या वर्षी बार्बी 'गणिताचा तास कठीण असतो' असं बोलत होती, त्यावरून आधीच रान उठलं होतं. नाताळात पोरांनी खोकी उघडली तर सैनिक खरेदीच्या गप्पा मारतोय आणि बार्बी सूडाची भाषा करतेय. मला ते फार आवडलं होतं, व्याख्यानांत सांगायचे. पण केडरच्या मुलींचं मला कुणी विचारलं असतं तर मी गप्पच बसले असते.

आता फिगर हातात घेतली की मी आधी डोळे बघते. मोठे रंग साचा लावून फवारतात, डोळे रबरी ठशाने उमटवतात, बारीकसारीक काम हाताने. कधी भुवई घसरलेली असते, ओठाचा रंग हनुवटीवर आलेला असतो. संग्राहक मंडळी अशा फिगर परत करतात. मी परत करत नाही. शिफ्टच्या शेवटच्या तासातली असेल. याने काही बदलत नाही, हे माझी मैत्रीण मला सांगेलच. तिला मी पुढच्या प्रश्नोत्तरांत बोलू देणार आहे.

लहान बाहुल्यांचे फोटो काढणारी मी काही पहिली बाई नाही. न्यूयॉर्कची लॉरी सिमन्स १९७६ पासून बाहुलीघरातल्या स्वयंपाकघरात एकटी उभी असलेली इवलीशी बाई टिपत आली. मला ते फोटो बघून गुदमरल्यासारखं होतं, आणि तिला तेच हवं असणार. पण मला जास्त जवळचा वाटतो तो मार्क होगनकॅम्प. न्यूयॉर्क राज्यातल्या किंग्स्टनचा. एका गुत्त्यात त्याने सांगितलं की मला बायकांचे बूट घालायला आवडतात. बाहेर पाचजणांनी त्याला इतकं मारलं की तो बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर आला तेव्हा आधीचं आयुष्य जवळजवळ पुसलं गेलं होतं. ही २००० सालची गोष्ट. उपचार पुढे परवडेनात. मग त्याने अंगणात दुसऱ्या महायुद्धातलं एक छोटं गाव वसवलं, फूटभर बाहुल्यांचं, आणि रोज त्याचे फोटो काढायला लागला. त्या गावात त्याच्यासारख्या दिसणाऱ्या सैनिकाला नाझी पकडून मारहाण करतात आणि गावातल्या बायका बंदुका घेऊन येऊन त्याला सोडवतात. २०१० मध्ये त्याच्यावर 'मारवेनकॉल' हा माहितीपट निघाला. मी तो तीनदा पाहिला. 'बायकी' म्हणून मार खाल्लेला पुरुष बाहुल्यांशी खेळतच सावरला. बाहुली हा शब्द टाळणाऱ्या धंद्यात हे घडलं.

आमच्या घरचं शेवटचं सांगते आणि थांबते. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत. आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असतं. सगळ्याच बायकांना बोलवायचं, कुंकू लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या, हा पायंडा त्यांचाच. गौरीपुढे आरास करायची तर घरातल्या बाहुल्या, खेळणी मांडतात. कपाटातली ठकी, सावंतवाडीची लाकडी भातुकली बाहेर निघते. देवीपुढे मांडल्या की मोठ्या बाईच्या बाहुल्यांना कुणी हसत नाही, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई काठी टेकत माझ्या कपाटाशी आल्या आणि म्हणाल्या, 'त्या ढालवालीला घे. ती लाथ मारणारीपण घे. ठकीच्या बाजूला ठेव.' ठेवल्या. बायका आल्या, डाळ-पन्हं झालं, आणि पाऊण तास सगळ्याजणी पायऱ्यांपुढे बसून होत्या. एकीने विचारलं, ही कोणती देवी? सासूबाई म्हणाल्या, 'सुनेची आहे, तिला विचारा.'

बरं, वेळ झाली म्हणून खूण येतेय. या सगळ्या टेबलावर आहेत, पुढे या, हात लावा, उभं करून बघा. काडेपेटी डाव्या बाजूला ठेवली आहे. चुन-लीला जरा सांभाळून, तिचा उजवा गुडघा सैल आहे, कालच नेलपॉलिश लावलंय, अजून पुरतं वाळलेलं नाही.